वीस मिनिटांत सापडलेली वाट

पुण्याहून धाडलेले ई-पत्र बोस्टनमधील संगणकावर दोन-चार क्षणांत उमटते, याचे नवल आता कोणालाही वाटत नाही. या पत्राचे वाटेत लहान-लहान तुकडे झालेले असतात. तंत्रज्ञ त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. मात्र कोणत्या वाटेने जायचे, हे त्यावर लिहिलेले नसते. वाटेवरील प्रत्येक चौकात राउटर नावाचे यंत्र असते आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे, हे ते यंत्र ठरविते. चौक असंख्य, वाटा त्याहूनही अधिक, त्यांतील कोणती केव्हा बंद पडेल याचा नेम नाही आणि या साऱ्यांवर देखरेख करणारा कोणी मुकादमही नाही. तरीही पत्र पोहोचते.

हे कसे घडते, याचा माग काढीत गेले तर एक धागा १९५६ सालच्या ॲमस्टरडॅम शहरात, एका कॅफेबाहेर मांडलेल्या टेबलापाशी जाऊन थांबतो. तेथे एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूसह खरेदी करून दमल्यावर कॉफी पीत बसला होता. त्याच्यापाशी कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. सुमारे वीस मिनिटांत त्याने डोक्यातल्या डोक्यात एक रीत रचली. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची ती रीत होती. तरुणाचे नाव एड्सगर डायक्स्ट्रा. संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव परीक्षेपुरते तरी पाठ करावे लागते. ज्यांनी ते कधीच ऐकलेले नाही, त्यांचीही पत्रे त्याच्या रीतीने शोधलेल्या वाटांवरून रोज ये-जा करतात.

रसायनतज्ज्ञाचा मुलगा

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. चार भावंडांत ते तिसरे. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. आई गणितज्ञ होती. मात्र तिने कधी नोकरी केली नाही. गणितातील सौंदर्यदृष्टी आपल्याला आईकडून मिळाली, असे डायक्स्ट्रा पुढे आवर्जून सांगत. एखादी सिद्धता पाच ओळींत मावत नसेल तर वाट चुकली असे समजावे, अशी तिची शिकवण होती. मुलाने ती आयुष्यभर जपली.

मुलाच्या दहाव्या वाढदिवसानंतर अवघ्या तीन दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँबहल्ला केला आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. महायुद्ध संपले तेव्हा डायक्स्ट्रा पंधरा वर्षांचे होते. कायद्याचा अभ्यास करावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्यांच्या मनात होते. परंतु शालान्त परीक्षेत गणित आणि विज्ञान या विषयांत त्यांनी उत्तम यश मिळविले. आईवडिलांच्या सल्ल्यावरून १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाकडे वळले.

आयुष्याला कलाटणी देणारी जाहिरात वडिलांच्याच नजरेस पडली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात, याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. पदार्थविज्ञानाला त्याचा उपयोग होईल, या विचाराने मुलगा सप्टेंबर १९५१ मध्ये केंब्रिजला गेला. या वर्गाची वार्ता ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातील संगणन विभागाचे प्रमुख आद्रियान व्हान वाइनगार्डन यांच्या कानी गेली. त्यांनी स्वतः आदल्या वर्षी तोच वर्ग केला होता. त्यांनी या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि मार्च १९५२ मध्ये डायक्स्ट्रा तेथे प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. नेदरलँड्समध्ये हे काम व्यवसाय म्हणून पत्करणारे ते पहिलेच.

नोंदवहीत न मावलेला व्यवसाय

पहिलेपणाला प्रतिष्ठा नव्हती. संगणक बांधणाऱ्यांना अभियंता म्हणत, संगणकावर सुटणारी गणिते मांडणाऱ्यांना गणितज्ञ म्हणत. मधल्या माणसाला नावच नव्हते. पदार्थविज्ञान आणि प्रोग्रॅमिंग या दोन दगडांवर पाय ठेवून तीन वर्षे काढल्यावर डायक्स्ट्रा यांनी आपली घालमेल व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. प्रोग्रॅमिंग हे शास्त्र आहे काय, त्याचे म्हणून काही ज्ञान आहे काय, उद्या कोणी विचारले तर आपण काय उत्तर देणार, असा त्यांचा प्रश्न होता. अद्याप असे शास्त्र नाही, हे प्रमुखांनी मान्य केले. मात्र संगणक आता कायमचे आले आहेत आणि या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी एक होण्याची संधी समोर आहे, असे त्यांनी सुचविले. त्या भेटीनंतर तरुणाचा निर्णय झाला. लायडनचे शिक्षण त्याने पूर्ण केले आणि मग पदार्थविज्ञानाला रामराम ठोकला.

समाज मात्र एवढ्या लवकर वळणारा नव्हता. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना डायक्स्ट्रा यांनी नोंदणी अर्जात व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर असे लिहिले. असा काही व्यवसाय नसतो, असे सांगून ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ती नोंद नाकारली. अखेर सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक अशी नोंद करून लग्न लागले. ज्या शास्त्राला त्यांनी नंतर आकार दिला, ते शास्त्र त्या दिवशी सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हते.

रॉटरडॅम ते ग्रोनिंगन

कॅफेपाशी रचलेली रीत या सुमाराचीच. गणित केंद्राने आर्माक नावाचा नवा संगणक बांधला होता आणि १९५६ मध्ये त्याचे उद्घाटन व्हायचे होते. पाहुण्यांत सगळेच गणितज्ञ नसणार. यंत्र काय करू शकते, हे त्यांना कळेल असे एखादे उदाहरण हवे होते. प्रश्नही साऱ्यांना समजावा आणि उत्तरही. डायक्स्ट्रा यांनी प्रश्न निवडला तो रस्त्यांचा. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जायचे तर सर्वांत जवळची वाट कोणती? त्यांनी नेदरलँड्सच्या नकाशातील ६४ शहरे घेतली, कारण शून्य आणि एक या सहा अंकांत ६४ क्रमांक बरोबर मावतात.

वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. सगळ्या वाटा लिहून काढाव्यात आणि त्यांतील लहान निवडावी. परंतु ६४ शहरांमधील वाटांच्या जोडण्या इतक्या प्रचंड संख्येने होतात की त्या मोजत बसणे यंत्रालाही परवडणारे नाही. डायक्स्ट्रा यांनी सगळ्या वाटा पाहण्याचा विचारच सोडून दिला.

त्यांची रीत अशी. समजा, रॉटरडॅमहून गौडा २ कोस आणि उट्रेख्ट थेट रस्त्याने ६ कोस आहे. पहिल्या फेरीत या दोन्ही आकड्यांची नोंद करावी. मात्र त्या नोंदी कच्च्या समजाव्यात. कच्च्या नोंदींतील सर्वांत लहान आकडा तेवढा पक्का करावा. येथे तो गौड्याचा. आता गौड्यात उभे राहून पुढे पाहावे. तेथून उट्रेख्ट ३ कोस असेल तर गौडामार्गे एकूण अंतर ५ कोस होते. म्हणून उट्रेख्टची ६ ही कच्ची नोंद खोडून तेथे ५ लिहावे. पुन्हा सर्वांत लहान कच्ची नोंद पक्की करावी, पुन्हा तेथून पुढे पाहावे. मुक्कामाचे गाव पक्के झाले की थांबावे.

खरी मेख पक्के करण्यात आहे. गौडा एकदा पक्के झाल्यावर त्याकडे पुन्हा पाहण्याची गरज का नाही? कारण तेथे येणारी दुसरी कोणतीही वाट आधी अशा गावातून येईल, जे मुळातच गौड्याहून जवळ नाही. आणि पुढे चालल्याने अंतर घटत नाही. एवढा एकच युक्तिवाद पुरतो. अट इतकीच, की कोणत्याही रस्त्याची लांबी शून्याहून कमी नसावी. कागद-पेन्सिल नसल्यामुळे टाळता येण्याजोगी प्रत्येक गुंतागुंत टाळणे आपल्याला भाग पडले आणि म्हणूनच ही रीत इतकी सुबक उतरली, असे डायक्स्ट्रा यांनी अखेरच्या काळात एका मुलाखतीत सांगितले होते.

उद्घाटन पार पडले, प्रात्यक्षिक झाले आणि रीत तीन वर्षे तशीच पडून राहिली. तेव्हा संगणकशास्त्राची नियतकालिके जवळपास नव्हतीच. वाटांची संख्या मर्यादित असताना त्यांतील सर्वांत लहान शोधणे, यात गणित ते काय, अशी अनेक गणितज्ञांची धारणा होती. अखेर १९५९ मध्ये एका जर्मन नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात डायक्स्ट्रा यांचा तीन पानी निबंध छापून आला. त्यात दुसरेही एक कोडे सोडविलेले होते. संगणकाच्या पाठीमागील अनेक टोके कमीत कमी तांब्याच्या तारेने एकमेकांना कशी जोडावीत, हे ते कोडे. एक्स-१ हा संगणक बांधताना ते प्रत्यक्षात पुढे आले होते. याच सुमारास अमेरिकेत रिचर्ड बेलमन, लेस्टर फोर्ड आणि एडवर्ड मूर हेदेखील जवळच्या वाटेचा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवीत होते. तारेच्या कोड्याचे उत्तरही इतरांना आधी सापडले होते. मात्र जवळच्या वाटेची जी रीत पुढे सर्वतोमुखी झाली, ती डायक्स्ट्रा यांची.

दाढी, सेमाफोर आणि गो-टू

डायक्स्ट्रा स्वतः या निबंधाला फारसे महत्त्व देत नसत. त्यांचे लक्ष वेगळ्या प्रश्नाकडे लागले होते. यंत्राने दिलेले उत्तर बरोबरच आहे, याची खात्री माणसाने कशी पटवून घ्यावी?

१९५९ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. पाठोपाठ सहकारी याप झोनेव्हेल्ड यांच्यासह त्यांनी अल्गोल-६० या नव्या संगणक भाषेचा अनुवादक प्रोग्रॅम लिहावयास घेतला. काम पुरे होईपर्यंत दाढी करायची नाही, असा पण दोघांनी केला होता. ऑगस्ट १९६० मध्ये काम फत्ते झाले; डायक्स्ट्रा यांची दाढी मात्र कायम राहिली.

१९६२ मध्ये ते आइंडहोवन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे लहानशा गटाच्या मदतीने त्यांनी एकाच वेळी अनेक कामे सांभाळणारी एक कार्यप्रणाली घडविली. ही कामे एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून त्यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून सुचलेली युक्ती योजली आणि तिला सेमाफोर हे नाव दिले. अनेक प्रक्रियांना एकच साधन हवे असेल तर एका वेळी एकीलाच ते कसे मिळेल, हा प्रश्न त्यांनी १९६५ मध्ये मांडून सोडविला. कोणी वरिष्ठ नसताना बरोबरीच्या यंत्रांनी आपसांत शिस्त कशी पाळावी, याच्या अभ्यासाचा तो पाया ठरला.

१९६८ मध्ये गो-टू या आज्ञेविरुद्ध त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि वादळ उठले. प्रोग्रॅममध्ये मनास येईल तेथे उडी मारू देणारी ही आज्ञा वाचणाऱ्याला गोंधळात टाकते, म्हणून ती वर्ज्य करावी, असा त्यांचा आग्रह होता. पत्राचे झणझणीत शीर्षक मात्र त्यांचे नव्हते. ते संपादक निक्लाउस विर्त यांनी दिले होते. १९७२ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार डायक्स्ट्रा यांना देण्यात आला. नगरपालिकेने खोडलेला शब्द आता सन्मानाचा झाला होता.

अफवेवर चालणारे जाळे

इकडे अमेरिकेत १९६९ मध्ये आर्पानेट हे जाळे सुरू झाले होते. आजच्या इंटरनेटचा हा पूर्वज. त्यातील चौकांनी पॅकेटना वाट दाखवायची ती पहिली पद्धत ऐकीव माहितीवर बेतलेली होती. अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे, असे प्रत्येक यंत्र दर दोन-तृतीयांश सेकंदाला शेजाऱ्यांना कळवी. शेजारी त्यात आपले अंतर मिळवीत आणि पुढे सांगत. मुळाशी बेलमन आणि फोर्ड यांचे गणित होते. गणितात चूक नव्हती. परंतु जाळ्यातील एखादा दुवा तुटला की या पद्धतीची पंचाईत होई.

कल्पना करावी, की शेवटच्या गावाचा एकमेव रस्ता वाहून गेला आहे. त्या गावालगतच्या यंत्राला हे कळते. पण तेवढ्यात शेजारी म्हणतो, मी त्या गावापासून दोन टप्प्यांवर आहे. शेजाऱ्याची ही माहिती खुद्द याच यंत्राकडून गेलेली जुनी माहिती असते. तरी हे यंत्र तिच्यावर विश्वास ठेवते आणि आपले अंतर तीन लिहिते. ते ऐकून शेजारी चार लिहितो, मग हे पाच लिहिते. जी वाट नाही तिचे अंतर असे वाढतच जाते आणि पॅकेट दोघांमध्ये चेंडूसारखे फिरत राहतात. याच घराण्यातील आरआयपी हा राउटिंग प्रोटोकॉल १९८८ मध्ये लिखित स्वरूपात आला. त्याने या रोगावर साधा उतारा योजला. अंतर १६ झाले की वाट नाहीच असे समजायचे. साहजिकच १५ टप्प्यांपेक्षा मोठ्या जाळ्याला तो निरुपयोगी ठरतो.

मे १९७९ मध्ये आर्पानेटने पद्धत बदलली. जॉन मॅक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी आखलेल्या नव्या योजनेत यंत्रे अंतरांच्या अफवा सांगेनाशी झाली. प्रत्येक यंत्र फक्त स्वतःपुरते सांगे, की माझे शेजारी हे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास इतका वेळ लागतो. ही बातमी जशीच्या तशी साऱ्या जाळ्यात पसरविली जाई. परिणामी प्रत्येकापाशी संपूर्ण जाळ्याचा एकच नकाशा तयार होई. नकाशा हाती आल्यावर उरला तो रॉटरडॅम ते ग्रोनिंगनचाच प्रश्न. प्रत्येक यंत्र स्वतःला रॉटरडॅमच्या जागी धरून इतर साऱ्या ठिकाणांच्या जवळच्या वाटा डायक्स्ट्रा यांच्या रीतीने काढू लागले. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रचलेली रीत आता खऱ्या वाहतुकीला वाट दाखवू लागली.

याच वाटेने पुढे ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल आला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जॉन मॉय यांनी सिद्ध केलेली १९९८ ची आवृत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. त्याच्या नावातच सर्वांत लहान वाट प्रथम असा अर्थ दडलेला आहे. त्याचा भाऊबंद आयएस-आयएस हाही हीच रीत वापरतो. बँका, विद्यापीठे, दूरध्वनी कंपन्या यांच्या अंतर्गत जाळ्यांत ही जोडगोळी राबत असते. येथे लांबी कोसांत मोजत नाहीत. रुंद केबलला कमी किंमत, अरुंद केबलला जास्त किंमत, असा हिशेब सामान्यतः लावलेला असतो. किंमत शून्याखाली जात नाही, त्यामुळे १९५६ ची अट आपोआप पाळली जाते.

अर्थात साऱ्या इंटरनेटवर या रीतीचे राज्य आहे असे मात्र नाही. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जाताना बीजीपी हा वेगळा प्रोटोकॉल लागतो. तेथे कोणती वाट जवळची यापेक्षा कोणाशी कोणता करार आहे, याला अधिक मोल असते. दोन सत्तांमधील व्यवहार केवळ अंतरावर ठरत नाही, हे या क्षेत्रालाही लागू आहे.

२७ ऑक्टोबर १९८०

नकाशा सर्वांपाशी असला की सगळे सुरळीत, हा समज फार टिकला नाही. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट सुमारे चार तास ठप्प झाले. वाट काढण्याच्या रीतीत दोष नव्हता. दोष होता नकाशा पसरविण्याच्या व्यवस्थेत.

प्रत्येक बातमीवर ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक असे आणि ६३ नंतर पुन्हा शून्य येई. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे कोणता क्रमांक नंतरचा, हे ठरविले जाई आणि नवी बातमी आली की जुनी टाकून दिली जाई. त्या दिवशी एका यंत्रातील बिघाडामुळे एकाच यंत्राच्या बातम्या ४४, ४० आणि ८ अशा तीन क्रमांकांनी जाळ्यात शिरल्या. तबकडीच्या नियमाने ४० हा ८ च्या नंतरचा, ४४ हा ४० च्या नंतरचा आणि ८ हा पुन्हा ४४ च्या नंतरचा. तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याहून ताजा. यंत्रे त्या तीन बातम्या एकमेकांना अविरत पाठवीत राहिली आणि दुसऱ्या कामाला त्यांच्यापाशी वेळच उरला नाही. एक यंत्र बंद करून भागण्यासारखे नव्हते, कारण शेजारी लगेच तोच आजार परत देत. सदोष यंत्राच्या बातम्यांकडे दुर्लक्ष करण्याची सूचना साऱ्या यंत्रांना द्यावी लागली, तेव्हा कोठे जाळे मोकळे झाले.

आणि या आजाराचे निदान डायक्स्ट्रा यांनी सहा वर्षे आधीच, १९७४ मध्ये, दोन पानी निबंधात करून ठेवले होते. एखादी व्यवस्था कोणत्याही कारणाने, कितीही बिघडलेल्या स्थितीत जाऊन पडली, तरी बाहेरच्या मदतीवाचून ती आपणहून ताळ्यावर येईल अशी तिची रचना करता येते, असे त्यांनी त्यात दाखविले होते. प्रत्येक यंत्राला फक्त शेजाऱ्यांचे दिसते, सबंध चित्र कोणालाच दिसत नाही, तरीही हे साधते. त्यांनी या गुणाला स्वयंस्थिरता असे नाव दिले. निबंधाची दखल बरीच वर्षे जवळपास कोणी घेतली नाही. आर्पानेटच्या अपघातानंतर मात्र या गुणाची निकड पटली. १९८३ मध्ये राडिया पर्लमन यांनी नकाशाच्या बातम्या अशा रीतीने पसरविण्याची पद्धत मांडली, की सदोष यंत्र बाजूला केल्यावर जाळे आपले आपण सावरावे. बातमीला वय असावे आणि वय झालेली बातमी गळून पडावी, हा विचार आजच्या प्रोटोकॉलमध्येही आढळतो.

आणखी एक ऋण आहे. कामे जाळ्यात पसरत गेल्यावर ती सर्वत्र संपली, हे मूळ यंत्राला कसे कळावे, याची रीत डायक्स्ट्रा आणि शोल्टेन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेली युक्ती सिस्को कंपनीच्या ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये वापरली गेली. दुवा तुटल्यावर वाटांचे वर्तुळ होऊन पॅकेट त्यात अडकू नयेत, यासाठी ती उपयोगी पडते. कॅफेतील वीस मिनिटांमुळे डायक्स्ट्रा यांचे नाव राउटरशी जोडले गेले, हे खरे. परंतु जाळ्यांवरील त्यांचे अधिक खोल ऋण अशा उत्तरायुष्यातील, कमी गाजलेल्या निबंधांत आहे.

शाईचे पेन आणि झेरॉक्सच्या प्रती

१९७३ मध्ये बरोज या अमेरिकी संगणक कंपनीने त्यांना संशोधक म्हणून नेमले आणि न्यूनन या गावातील राहत्या घरातूनच ते काम करू लागले. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, विद्यापीठात सहकाऱ्यांची बैठक भरे. एखादा निबंध घेऊन त्याची ओळ न् ओळ तपासण्याचा हा रिवाज होता. १९८४ मध्ये ते सपत्निक अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात ऑस्टिन येथे गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

संगणकाचा हा आचार्य संगणकापासून मात्र चार हात दूरच असे. लेखन शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरांत. प्रत्येक टिपणाला आद्याक्षरे आणि क्रमांक. अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. मोजक्या सुहृदांना ते प्रती पाठवीत, ते आणखी प्रती काढून पुढे देत. अशा रीतीने हे लेखन छापखान्याचे तोंड न पाहता जगभर पोहोचले. घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. पियानो होता आणि मोझार्टचे वेड होते. सुट्टीत पत्नीसह मोटारगाडीतून अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पालथी घालणे, हा आवडीचा छंद होता. गाडीला त्यांनी ॲलन ट्युरिंग यांच्या यंत्रावर कोटी करणारे टूरिंग मशीन हे नाव ठेवले होते.

स्वभाव मात्र सोपा नव्हता. जे पटत नसे त्यावर ते निर्दयपणे तुटून पडत आणि त्यामुळे दुखावलेल्यांची संख्या कमी नव्हती. चाचण्या घेऊन प्रोग्रॅममध्ये दोष असल्याचे कळते, दोष नसल्याची ग्वाही मिळत नाही. म्हणून प्रोग्रॅमबरोबर त्याची सिद्धताही लिहावी, हा त्यांचा आग्रह उद्योगजगताला पेलवला नाही. कोट्यवधी ओळींच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना तो अव्यवहार्य वाटला आणि त्या आक्षेपात तथ्यही होते. तथापि ज्या चार तासांत आर्पानेट ठप्प झाले, ते तास डायक्स्ट्रा यांच्या बाजूने साक्ष देतात. ४४, ४० आणि ८ ही जोडणी कोणत्याही चाचणीत समोर आली नव्हती. कागदावर नियम तपासला असता, तर तीन क्रमांक वर्तुळाकार फिरू शकतात हे दिसण्यासारखे होते.

मागे राहिलेली वाट

कर्करोगाने आजारी असलेले डायक्स्ट्रा २००२ मध्ये न्यूननला परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वयंस्थिरतेवरील त्या दोन पानी निबंधाला विखुरलेल्या संगणनाच्या क्षेत्रातील प्रभावी निबंधाचा पुरस्कार जाहीर झाला होता. पुढील वर्षापासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रा यांचे नाव देण्यात आले.

जवळच्या वाटेची रीत अजूनही अभ्यासकांना स्वस्थ बसू देत नाही. जाळ्यातील सारी ठिकाणे अंतराच्या क्रमाने लावायची असतील, तर योग्य साठवणरचनेच्या जोडीने ही रीत कोणत्याही जाळ्यावर मुळातच सर्वोत्तम ठरते, असे २०२४ मध्ये सिद्ध करण्यात आले. तसा क्रम लावण्याची गरज नसेल तर तिच्यापेक्षा वेगवान रीत शक्य आहे, असे चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाच्या रान दुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये दाखवून दिले. सुमारे सात दशकांनंतर तीन पानांच्या निबंधावर एवढी झटापट चालावी, हाच त्याचा मोठेपणा.

राउटरना मात्र तूर्त जुन्याच रीतीवर काम भागविता येते. रस्ता खोदताना कुठे केबल तुटते. त्या केबलच्या दोन्ही टोकांचे राउटर ती बातमी शेजाऱ्यांना कळवितात, शेजारी पुढे कळवितात, प्रत्येकापाशी नवा नकाशा तयार होतो आणि प्रत्येक जण स्वतःला रॉटरडॅम समजून पहिली कच्ची नोंद करतो. खोदणारे मजूर दुपारचा डबा उघडण्यापूर्वीच पॅकेट दुसऱ्या वाटेने निघालेले असतात. पत्र वाचणाऱ्याला यातले काही कळत नाही, कळण्याची गरजही नसते. ज्याचा व्यवसाय एकेकाळी नोंदवहीत लिहून घेतला गेला नाही, त्या माणसाचे काम आज असे कोणाच्याही लक्षात न येता चालू आहे.